एक हात कमी पडला

१२ मार्च

सैन्यभरतीची नोटीस आली. गावप्रमुख स्वतः मोटारसायकलवरून घेऊन आले. मी झाडावर होतो. खालून ओरडले, "तान, उतर रे! सरकारचं बोलावणं आलंय!" मी खाली येईपर्यंत बाबांनी सही करून कागदाची घडी खिशातही घातली होती.

सात एप्रिल, सकाळी सात वाजता, तालुक्याच्या शाळेचं सभागृह. आमच्या पंचक्रोशीतली यंदा एकविसात आलेली सगळी पोरं. मी आणि माझा मित्र कित एकाच यादीत आहोत.

जेवताना आईनं विचारलं, "लाल चिठ्ठी म्हणजे जायचं ना? का काळी?"

"लाल निघाली की जायचं. दोन वर्षं. काळी निघाली की घरी."

"आणि ते हात वर करायचं काय असतं?"

"चिठ्ठ्यांची पेटी उघडायच्या आधी विचारतात. आपणहून हात वर केला तर एकच वर्ष."

"कुठली गं बाई ही हात वर करणारी पोरं," आई म्हणाली. "घरात कुणी वाट बघणारं नसेल त्यांच्या."

बाबा माशाचे काटे काढत होते.

मी ही वही एवढ्यासाठी काढली की हे कुणाला सांगता येत नाही. मला लाल चिठ्ठी हवी आहे.

१५ मार्च

त्या दिवशी जे लिहिलं ते आज पुन्हा वाचलं. वही तांदळाच्या डब्यामागे ठेवतो आता.

आमच्याकडे ताडाच्या झाडाला तान म्हणतात. बाबांनी माझं तेच नाव ठेवलं. म्हणजे माझं काय व्हायचं ते मी पाळण्यात असतानाच ठरलेलं. आमची एकोणीस झाडं, सगळी आजोबांच्या वेळची. पहाटे चढायचं, रात्रभर पोयीतून, म्हणजे फुलोऱ्यातून, बांबूच्या नळ्यात साठलेली नीरा उतरवायची, पोय थोडी छाटायची, दुसरा नळा बांधायचा. संध्याकाळी पुन्हा तेच. मधल्या वेळात काहील. आई चुलवाणात झावळ्या सारते, मी मळी काढतो आणि गूळ घोटतो. बाबांचा उजवा गुडघा तीन वर्षांपूर्वी गेला. तेव्हापासून चढणारा मीच.

मला उंचीची भीती वाटत नाही. झाडांचा रागही नाही. पण तंत्रशाळेत वाणित सरांनी पहिल्यांदा बोटीचं इंजिन उघडून दाखवलं होतं, त्या दिवशी मला कळलं की माझे हात कशासाठी आहेत. सर म्हणायचे, नदीच्या मुखाशी गोदी आहे, तिथे शीक. मी घरी बोललो नाही. गुडघा धरून बसलेल्या बापाला मुलानं काय सांगायचं, की मला इंजिनाचा वास आवडतो?

लाल चिठ्ठी निघाली तर कुणाला काही सांगावं लागणार नाही. त्यातही नौदलाची निघाली तर बोटी, इंजिनं, सगळंच. आई रडेल, पण माझ्यावर रागावणार नाही. नशिबावर रागावेल.

१९ मार्च

आज बाबांनी कितला आमच्या झाडांवर चढवलं. मी गुळाच्या टोपल्या बाजारात पोचवून आलो तर हा आमच्या सातव्या झाडाच्या शेंड्यावर, आणि बाबा खाली काठी टेकून एकेक गोष्ट सांगतायत. कुठलं झाड कधी आटतं, कुठल्याची पोय हळू दाबायची.

कितला वडील नाहीत. चढायला त्याला बाबांनीच शिकवलं. त्याची स्वतःची चौदा झाडं आहेत, खंडानं घेतलेली, आणि तो वेड्यासारखा प्रेम करतो त्यांच्यावर. माकडसुद्धा त्याच्यापुढे लाजेल. उतरला तेव्हा हसत म्हणाला, "काका, ह्या तानला नीट शिकवलंच नाही तुम्ही. पोय कापतो की कांदा चिरतो?"

बाबाही हसले. "तुझ्या हाताला गुण आहे रे. उद्यापासून आठवड्यातून दोनदा येत जा. ही झाडं तुझ्या ओळखीची व्हायला हवीत."

मला लागलं ते. तीन वर्षं मी चढतोय, एकदाही असं म्हणाले नाहीत. मी वाईट चढतो म्हणून माझ्यावर पहारा ठेवायचा विचार दिसतोय.

२४ मार्च

आईनं विहारात नवस बोलला. काळी चिठ्ठी निघाली तर दोनशे उकडलेली अंडी. तिचं झाल्यावर मी पुढे झालो, उदबत्ती लावली, आणि मनात म्हणालो, लाल निघाली, नौदलाची, तर तीनशे.

एकाच मूर्तीपुढे आई आणि मुलगा असे उलटसुलट. मूर्तीलाही घोटाळा झाला असेल. भन्तेंनी आम्हा दोघांच्या मनगटाला सूत बांधलं आणि म्हणाले, "इच्छा पुरी होवो." कुणाची ते सांगितलं नाही.

कित आणि त्याची बायको सुदाही आले होते. सुदाला सहावा महिना लागेल आता. तिनं नवस केला नाही. कितनं विचारलं तर म्हणाली, "मी मागत नाही. मागितलं की देव किंमत विचारतो."

२ एप्रिल

एवढी नीरा यंदा पहिल्यांदाच. दोन काहिली. हातांना फोड. लिहायला काही नाही.

६ एप्रिल

आज दुपारी गूळ घोटताना आईनं एक सांगितलं. बाबा एकविसाचे होते तेव्हा त्यांनीही पेटीत हात घातला होता. काळी निघाली. दुसऱ्या दिवशी पहाटे आजोबांनी त्यांच्या हातात कोयती दिली आणि स्वतः परत कधी झाडावर चढले नाहीत.

"खूश झाले असतील बाबा," मी म्हणालो. "घरी राहायला मिळालं."

"कुणी विचारलं होतं त्यांना?" आई म्हणाली, आणि घोटणी माझ्या हातून घेऊन स्वतः घोटायला लागली.

बाबा उद्यासाठी सदरा इस्त्री करत होते. स्वतःचा नाही, माझा. मला वाटलं, विनाकारण. तिथे उघड्या अंगानंच बसवतात.

७ एप्रिल

जसं झालं तसं लिहितो. एकही गोष्ट वगळत नाही.

सकाळी उंची, छाती, डोळे तपासले. छातीवर निळ्या पेनानं आकडा लिहिला. माझा तेवीस, कितचा सतरा. आम्ही उघड्या अंगानं फरशीवर ओळींत बसलो, कित माझ्या बरोबर पुढे. मागे दोरी, दोरीपलीकडे घरचे लोक. आई, बाबा, सुदा, कितची आई. पंखे फिरत होते पण वारा लागत नव्हता. ध्वनिक्षेपकावरचे अधिकारी गमत्ये होते. कुणाच्या ढेरीवर बोलायचे, कुणाच्या केसांवर, आणि घाबरलेली पोरंही हसायची.

मग त्यांनी सांगितलं, तुमच्या यादीतून अकरा जण हवेत. "आपणहून कोण येतं? एकच वर्ष. हात वर!"

एक हात, दोन, पाच. प्रत्येक हाताला टाळ्या. कुणी आईला मिठी मारून आला, कुणी कुणाकडेही न बघता. आठ. बराच वेळ कुणी नाही, मग एकदम दोघं भाऊ भाऊ. दहा.

"दहा!" अधिकारी ओरडले. "एक कमी! पोरांनो, नीट ऐका. आणखी एक हात वर झाला तर ही पेटी मी उघडणारच नाही. सगळे घरी. एक हात!"

असं त्यांनी तीनदा विचारलं. मी मोजलंय.

कितनं मागे कलून मला कोपर मारलं. हसतच, पण घाम फुटलेला. "कुणीतरी उठा रे बाबांनो. माझी बायको सहा महिन्यांची आहे."

मी मागे वळून पाहिलं. आई हात जोडून बसलेली, तिच्या मांडीवर पाण्याच्या दोन भरलेल्या बाटल्या. बाबा बरोबर त्याच क्षणी उठले, पाणी घेऊन येतो असा हात केला, आणि आमच्याकडे पाठ करून बाहेर चालायला लागले. एवढा गुडघा दुखत असताना. मला रागच आला. नेमकं आपल्या माणसाकडे बघावंसं वाटलं तेव्हा त्यांना तहान लागली.

माझा हात गुडघ्यावर होता. मला जायचंच होतं. मागच्या महिन्याभरात दुसरं काही मागितलं नव्हतं मी. नुसता हात उचलायचा होता, कोयतीपेक्षा हलका. पण उचलला असता तर आईनं पाहिलं असतं की मी गेलो. पेटीनं नेलं असतं तर मला नेलं असतं. मला वाटलं, चिठ्ठी निघेलच. माझी असेल तर मलाच निघेल.

पेटी उघडली. एकोणचाळीस चिठ्ठ्या, त्यात एक लाल. पहिल्यापासून एकेकाला काळी निघत गेली. प्रत्येक काळीला दोरीपलीकडे आरडाओरडा, एकाची आजी नाचली. मग सतरा.

कितनं हात घातला. चिठ्ठी अधिकाऱ्यांना दिली. त्यांनी ती उघडून डोक्यावर धरली आणि त्यांचा आवाज पहिल्यांदाच लहान झाला.

"लाल. नौदल."

आणि लगेच मोठा. "संपलं! बाकीचे सगळे मोकळे!"

माझा हात पेटीत गेलाच नाही. माझ्या आजूबाजूची पोरं उड्या मारायला लागली, एकमेकांच्या अंगावर पडायला लागली. कुणीतरी माझ्या गळ्यात पडून रडलं. कित तिथेच उभा होता. पोहता न येणारा माणूस, त्याला नौदल. त्यानं सुदाकडे पाहिलं आणि खांदे उडवले, चहात साखर कमी पडली की उडवतो तसे. सुदा रडली नाही. खाली बसली फक्त.

बाबा परत आले तेव्हा त्यांच्या हातात पाणी नव्हतं. आधी कितकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"तू बसूनच राहिलास?" म्हणाले.

खरंच, सगळे नाचत होते आणि मी अजून फरशीवर बसलेला होतो. उठलो.

९ एप्रिल

आई नवस फेडतेय. दोनशे अंडी. सगळी गल्ली अंडी खातेय. "आईचं ऐकलं बरं का मूर्तीनं," म्हणत प्रत्येक जण माझी पाठ थोपटतो. माझंही ऐकलं. लाल मागितली होती, नौदलाची मागितली होती, अगदी तीच निघाली. सहा आकड्यांनी चुकली.

आईनं वीस अंडी सुदाकडे पाठवली. मी नको म्हणालो. "पोटुशी आहे ती, अंडं चांगलं," आई म्हणाली. सुदानं वाडगा घेतला, एक अंडं तिथेच सोललं, मीठ लावून खाल्लं. "भावजी, तुम्ही का असे दिसता? तुम्हाला तर सुटका मिळाली."

बाबा माझ्याशी बोलत नाहीत. आई म्हणते, ते तुझ्यावर नाही, स्वतःवर चिडलेत. कशाबद्दल? गुडघ्याबद्दल असणार.

२० एप्रिल

आमच्या नववर्षाचे, पाण्याच्या सणाचे दिवस गेले. पाणी उडवायला मी बाहेर पडलो नाही. ताप आहे सांगितलं.

मी मोजत बसतो. मी हात वर केला असता तर एक वर्ष. कितला दोन. दोन वजा एक असं नाही होत. दोनही त्याचीच.

१ मे

कित गेला. तालुक्याच्या मैदानावर चार बस, बॅंड, हार. त्याच्या आईनं डब्यात चिकट भात आणि तळलेलं मांस दिलं. त्यानं तो बसमध्ये चढायच्या आधीच अर्धा संपवला.

मला बाजूला घेऊन म्हणाला, "माझी चौदा तू बघशील ना? दुसऱ्या कुणाला देऊ नकोस. तिसरं झाड हट्टी आहे. दोन दिवस नीरा देणार नाही, तिसऱ्या दिवशी नळा भरून वाहील. त्याला शिव्या द्यायच्या नाहीत."

"बघेन."

"आणि तिच्यासाठी रोजचा गूळ घोटशील? पोट घेऊन तिला वाकता येत नाही."

"घोटेन."

"तुझ्यासारखा मित्र..." असं काहीतरी म्हणायला लागला. मी बस सुटतेय म्हणालो. सुटायला अजून वीस मिनिटं होती.

१६ मे

तेहतीस झाडं. पहाटे चारला सुरुवात, आठला उतरतो. पाय इतके फुटलेत की चप्पल घालवत नाही. बाबा काल खोबरेल तेलाची वाटी माझ्यापुढे ठेवून गेले.

तिसरं झाड खरंच हट्टी आहे.

४ जून

आज भेटीचा दिवस होता. सुदा, आई आणि मी व्हॅननं चार तास. कितचं डोकं तासलेलं, कान मोठे दिसायला लागलेत, रंग डांबरासारखा. आईनं केलेलं ताडफळाचं कालवण त्यानं भातावर ओतून, मान खाली घालून, एका दमात खाल्लं.

"पोहायला आलं का?" मी विचारलं.

"पाण्यात ढकलतात. मी ताडासारखा उभा राहतो. मग चौघं मिळून काढतात." सगळे हसलो.

सुदाचे पाय सुजले होते. आई तिला सावलीत झोपवायला घेऊन गेली. आम्ही दोघंच उरलो आणि मी सांगून टाकलं. सगळं. मला जायचंच होतं, नवस केला होता, तीनदा विचारलं तेव्हा मी मोजत होतो आणि हात उचलला नाही.

त्यानं ताटातलं शेवटचं शीत बोटानं टिपून खाल्लं.

"हे मला कशाला सांगितलंस?"

"खोटं वाटत होतं रे. तू मला मित्र म्हणत होतास आणि..."

"अरे गाढवा," तो अगदी हळू म्हणाला, "मी इथे आल्यापासून रोज स्वतःला सांगतोय की नशीब होतं. नशिबावर राग धरता येत नाही. म्हणून झोप लागते मला. आता मी कुणावर राग धरू? पहाटे चारला शिट्टी वाजली की तुझं तोंड दिसणार मला."

"मला वाटलं, खरं सांगितलं की..."

"की तुझं ओझं उतरेल. उतरलं. माझ्यावर आलं." तो उठला. "सुदाला सांग मला परेडला बोलावलंय."

परेड नव्हती. सुदानं येताना संपूर्ण वाटेत विचारलं नाही की तो असा लवकर का गेला.

७ जून

सुदालाही सांगितलं. तिला दुसरीकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळावं म्हणून. निदान मी तसं ठरवून गेलो. काहील उकळत होती, ती बाकावर बसून झावळ्या सारत होती.

सगळं ऐकून तिनं विचारलं, "आता माझ्याकडून काय हवंय तुला?" भावजी म्हणाली नाही. "माफी?"

"नाही. तसं नाही."

"हवीच आहे. तोंडावर दिसतंय. माझ्याकडे नाहीये ती, तान. शोधली तरी सापडणार नाही. काहील लागतेय. घोट."

मी घोटला. ती उठून आत गेली नाही. गूळ घट्ट होऊन वाट्यांत ओतेपर्यंत समोर बसून माझ्या हातांकडे बघत राहिली. शेवटी म्हणाली, "उद्या लवकर ये. आज जरा करपलाय."

९ जुलै

सुदाला मुलगी झाली. दोघी ठीक. मला आईकडून कळलं. बघायला गेलो नाही. बाबा गेले, गुडघा धरत, पिशवीत पपई घेऊन. दोन तास बसून आले.

"कशी आहे?" मी विचारलं.

"जा आणि बघ," बाबा म्हणाले. तीन महिन्यांत मला म्हटलेलं पहिलं पुरं वाक्य.

गेलो. तिच्या मुठीत माझं बोट सापडलं तर सोडेना. सुदानं ते सोडवलं नाही. "नाव बाप आल्यावर ठेवायचं," एवढंच म्हणाली.

३० जुलै

कित दहा दिवसांच्या सुटीवर आला. तीन दिवस झाले तरी मला भेटला नाही. मी त्याच्या घराकडे तोंड न करता झाडांवर जात होतो. हंगाम संपलाय, पण वाळलेल्या झावळ्या काढायच्या होत्या.

आज सकाळी मी त्याच्या पाचव्या झाडाखाली कोयती परजत होतो. तो आला, माझ्याकडे न बघता लुंगी खोचली आणि सरळ तिसऱ्या झाडावर चढला. तीन महिने बूट घातलेल्या पायांनी. वर पोचला, आणि मग सगळ्या शिवाराला ऐकू जाईल असा आवाज आला.

"ही पोय कुणी कापली रे? कुणी कापली ही?"

"मी."

"कांदा! कांदा चिरलायस! झाडाला काय वाटलं असेल? मी दोन वर्षं नाही म्हणून माझ्या झाडाचा जीव घेणार का?"

"शिकव की मग."

"तुला? तुझा बाप हरला, मी कोण?" थोडा वेळ शेंड्यात खरखर झाली. मग, "वर ये. चढायचा दुसरा बांबू बांध आणि ये वर. एकदाच दाखवतो."

चढलो. दोन तास आम्ही वर होतो. त्या दिवसाबद्दल तो एक शब्द बोलला नाही, मीही नाही. उतरताना म्हणाला, "अजून राग आहे मला. संपला असं समजू नकोस."

"नाही समजत."

"मुलीचं नाव नामतान ठेवतोय. साखर. त्यात तुझं नावही येतं, पण ते तुझ्यासाठी नाही. झाडासाठी आहे."

"कळलं."

"पोहायला आलं मला," तो म्हणाला आणि लुंगी झटकत घरी गेला.

१९ नोव्हेंबर

बऱ्याच दिवसांनी वही काढली.

काल वाणित सरांचा फोन आला. गोदीत शिकाऊ माणसाची जागा आहे, जानेवारीपासून. दोन वर्षं. राहायला खोली. "तुझं नाव मी आधीच सांगून ठेवलंय," सर म्हणाले. "येतोस ना?"

मी चुलवाणापाशी उभा होतो. समोर कुणी नव्हतं. कुणाची आई बघत नव्हती, कुणी ध्वनिक्षेपकावर विचारत नव्हतं.

"सर, आत्ता नाही येऊ शकत," मी म्हणालो. "दीड वर्षानं येईन."

"तोवर जागा राहील का वेड्या?"

"मग दुसरी बघेन. पण येणार."

फोन ठेवला. पश्चात्ताप झाला का? झाला. रात्रभर इंजिनाचे भाग एकेक करून आठवत होतो. पण सकाळी उठलो तेव्हा काल मी काय केलं ते मला नीट माहीत होतं, आणि ते मीच केलं होतं.

हंगाम उघडतोय. सकाळी बाबा आणि मी झाडांना चढायच्या खुंट्यांचे बांबू बांधायला गेलो. बाबा खालून बांबू धरतात, मी दोर आवळतो. पहिल्याच झाडापाशी मी म्हणालो, "बाबा, मला झाडं नकोत. मला इंजिनाचं काम करायचंय."

"गाठ धर नीट," बाबा म्हणाले. मग दोन आवळे झाल्यावर, "कधीपासून?"

"तंत्रशाळेत होतो तेव्हापासून."

"ते माहीत आहे मला. जायचं कधीपासून, ते विचारतोय."

मी त्यांच्याकडे बघत राहिलो. त्यांच्या चेहऱ्यावर आश्चर्य शोधत होतो. नव्हतं. बाजारात गुळाचा भाव विचारावा तसं विचारलं होतं त्यांनी. म्हणजे सभागृहात पाठ करून बाहेर गेले तेव्हाही माहीत होतं.

"कित सुटून आला की. तोवर त्याची चौदा आणि आपली एकोणीस मी बघतो."

"आणि तो आलाच नाही परत? नौदलातच राहिला तर?"

"तरी जाणार."

"मग दीड वर्षानं सांगायचंस. आत्ता कशाला?"

"आत्ता सांगितलं नाही तर तेव्हा पुन्हा कशाची तरी वाट बघत बसेन. काहीतरी होईल आणि मला जावं लागेल, म्हणून."

बाबांनी झाडाच्या बुंध्यावर हात ठेवला. आजोबांनी लावलेलं झाड ते. त्यांचा अंगठा सालीच्या एका खाचेत होता. खाच किती जुनी होती कुणास ठाऊक.

"आईला तू सांगायचंस," शेवटी म्हणाले. "मी सांगणार नाही."

"सांगतो. एवढी झाडं बांधून झाली की..."

"आत्ता."

"बाबा, पण हा बांबू..."

त्यांनी माझ्या हातातला दोर काढून घेतला, स्वतःच्या मनगटाला दोन वेढे दिले आणि पाठीनं बांबू बुंध्याला दाबून धरला.

"मी धरलाय," म्हणाले. "जा."

आई ओसरीवर तांदूळ निवडत होती. मी सूप तिच्या मांडीवरून उचलून बाजूला ठेवलं, समोर बसलो आणि बोलायला लागलो.